देवीच्या लुगड्याखालची टाकी

आक्का,

तुझं तेरावं अजून व्हायचं आहे, आणि आत्तीनं येणाऱ्याजाणाऱ्यापाशी तुझं पोट सांगून पार संपवलंय. कुणी दारात चप्पल काढली, की आपल्या या सासूबाई पदर तोंडाला लावतात आणि सुरू करतात, "पोटाचा विकार हुता गं तिला. लई वर्सांचा. कुणाला सांगायचं आन काय सांगायचं?" तू गेलीस छातीत कळ येऊन. मागच्या दारी गहू पाखडत होतीस. सूप खाली ठेवलंस, "सुमे, जरा पाणी दे" म्हणालीस, आणि मी तांब्या घेऊन येईपर्यंत सगळं आटोपलं होतं. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं, हृदय. पण आपल्या वडगावच्या गल्लीत तू मेलीस ती पोटानंच. पुरुष मान हलवतात. बायका एकमेकींकडे बघतात, आणि त्यातली एखादी तोंडावर पदर घेते तो काही रडू आवरायला नसतो, एवढं मला कळतं.

मी तिथंच भिंतीला टेकून बसलेली असते. खरं काय ते मला माहीत आहे, आणि ते कुणाला सांगायचं नाही अशी शपथ तू माझ्याकडून घेतली आहेस, तीही माझ्या पोरांच्या डोक्यावर हात ठेवायला लावून. मेलेल्या माणसाची शपथ मोडावी का, हे विचारायचं तर कुणाला? असल्या गोष्टी मी तुलाच विचारत आले. म्हणून मी आपली कपबश्या गोळा करते आणि आत निघून जाते. सख्ख्या बहिणीच्या नावाचा असा चोथा होताना बघत बसायचं, याची लाज वाटते गं. चुलीपुढं उभी राहून मी तुझ्याशी भांडते. आपलं भांडण अर्धंच टाकून गेलीस तू.

या घरात तू आधी आलीस. मग खटपट करून धाकट्या दिरासाठी मला आणलंस. म्हणजे तुझा नवरा आधी माझा दाजी आणि मागाहून माझा थोरला दीर. मी त्यांना आजही दाजीच म्हणते आणि आत्तीला ते आजही खटकतं. आमचे हे मागावर बसले की जेवायला उठवावं लागे. दाजींचं मन मात्र धोट्यात कधी रमलंच नाही. त्यांच्या हातात पाना आणि समोर एखादं बिघडलेलं इंजिन दिलं की स्वारी खूष. घरात विणणारे हात पुष्कळ होते, विकणारं तोंड एकच, तुझं. तू लुगड्याची घडी उलगडून नुसती मांडीवर टाकलीस, की समोरची बाई आपोआप खाली बसायची.

जत्रा हाच आपला बाजार. चिकोडी, संकेश्वर, निपाणीच्या आसपासची गावं. गाठोडी एस्टीच्या टपावर टाकून आपण तिघं जायचो, तू, मी आणि दाजी. पुरुषांचं काय, अख्खा माळ त्यांच्या बापाचा. आपण दोघींनी पहाटे उजाडायच्या आत एकदा जाऊन यायचं, आणि मग दिवस मावळेपर्यंत दात आवळून बसायचं. त्यावर बायकांचा एकच उपाय, पाणी प्यायचं नाही. वैशाखातल्या जत्रेत दिवसभर ओरडून लुगडी विकायची आणि घोटभरसुद्धा पाणी प्यायचं नाही. एकदा तुला लघवीला आग आणि अंगात ताप भरला, दाजींनी तुला बेळगावात दवाखान्यात नेलं. "पाणी पीत नाही का?" डॉक्टरांनी विचारलं, आणि तू भिंतीकडे तोंड केलंस. बाहेर आल्यावर दाजी म्हणाले, "पानी तर असतंय की गं आपल्याजवळ." तू म्हणालीस, "पानी हाय. घालवायला जागा न्हाय."

एवढंच बोललीस. पुढच्या जत्रेआधी दाजींनी एक मोडीत निघालेली बस आणून खासबागेतल्या गॅरेजात उभी केली.

ती बस मी पहिल्यांदा आतून बघितली तेव्हा मला हसू आवरेना. पुढं लुगड्यांच्या फळ्या, मध्ये बसाय-झोपायला दोन बाकं, स्टोव्हला कोपरा, पाण्याचे हंडे बांधायला कड्या. आणि सगळ्यात मागं, मागच्या दाराशी, पडदा लावलेली कपाटाएवढी एक खोली. आत संडासाचं भांडं. त्याच्या खाली, बसच्या पोटाला, जुनं बॅरल कापून आणि डांबर फासून केलेली टाकी. टाकीला मागच्या बाजूला मोठा कॉक, आणि वास वर जावा म्हणून टपापर्यंत नेलेला पाइप. लोकांना ते स्टोव्हचं धुराडं वाटायचं, आणि आपण कुणाचा गैरसमज दूर करत नव्हतो.

आत्तीला मात्र सांगावं लागलं. निपाणीजवळच्या त्या गावच्या देवीला जत्रेत पहिलं लुगडं आपल्या घरचं, हा मान तिच्या सासऱ्याच्या काळापासूनचा. ते लुगडं कोरं, घडी न मोडलेलं, कुणाचा ओला हातसुद्धा न लागलेलं हवं. थोरल्या सुनेनं ते पंचांच्या हातात द्यायचं. आत्तीनं कपाळावर हात मारला. "वर देवीचं लुगडं आन खाली ते? आन काढनार कोन ते? इनकराचं पोर काढनार व्हय?"

"मीच काढनार," दाजी म्हणाले. "घाण आपली, आन हात दुसऱ्याचा कशाला?"

शेवटी तू अडून बसलीस. संडास नाही तर मी नाही. आणि तू नाहीस तर लुगडी विकणार कोण, हे आत्तीलाही ठाऊक होतं. तिनं परवानगी दिली, पण अट घालून. वापरायचं ते आपण दोघींनी, अडलंनडलं तरच. बाहेरच्या कुणा माणसाला कळता कामा नये. कळलं, तर बस विकायची आणि परत एस्टीनं जायचं. दाजींनी मान हलवली. तूही हलवलीस. तुझी मान हलली की पुढं काय होतं ते मला लहानपणापासून माहीत होतं.

त्या टाकीनं दाजींना काय काय शिकवलं! पहिल्या फेरीला त्यांना वाटलं, कॉक जरासा उघडा ठेवला तर टाकी भरणारच नाही. झालं उलटंच. पाणी रस्ताभर ठिबकत गेलं आणि राहिलेला ऐवज आत ढीग होऊन बसला. मागून सायकलवरून येणारा एक मास्तर हातवारे करून आपल्याला थांबवायला बघत होता, आणि दाजींना वाटलं त्याला लुगडं हवंय! तो ढीग फोडायला त्यांनी आत पाणी आणि धुण्याचा सोडा ओतला, आणि बस मुद्दाम खड्ड्याखड्ड्यांतून फिरवली. आपण दोघी आत बाकाला धरून हेलकावे खात होतो आणि पोट धरून हसत होतो. तेव्हापासून कॉक घट्ट बंद, आणि नियम ठरला. दर वेळी दोन तांबे पाणी. कमी घातलंत तर घट्ट होतं, जास्त घातलंत तर भरतं. ते टाकीवर पान्यानं टकटक करून बघायचे. आवाज खणखणीत आला तर बरं, बद्द आला तर कुठं थांबायचं ते बघायचे. निपाणीकडच्या एका तंबाखूवाल्या शेतकऱ्यानं आपला खताचा खड्डा दाखवला होता. सोनखत म्हणून तो खूष, ओझं गेलं म्हणून आपण खूष. दाजी नाकाला पंचा बांधून सगळं आटपायचे, वर राख-माती ओढायचे, आणि ओढ्यावर अंघोळ करूनच गाडीत चढायचे. तोंडानं कधी एक शब्द काढला नाही. आपण दोघी तेवढा वेळ पाठ करून उभ्या राहायचो. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. आपल्या अंगातलं नवऱ्यानं, दिरानं उपसायचं! पण त्या वर्षी मी जत्रेत पोटभर पाणी प्याले, हेही खरं.

मग ती विड्या वळणारी पोर आली. पोटुशी, दिवस भरत आलेले. लुगडं हातात घेऊन उभी होती आणि तिचं लक्ष लुगड्यात नव्हतं. मला काहीच कळलं नाही. तू तिच्या तोंडाकडे एकदा बघितलंस आणि म्हणालीस, "वर ये गं, आत अजून लुगडी हायत." तिला थेट मागच्या खोलीत नेलंस. ती बाहेर आली तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं. तुझ्या हाताला नुसता हात लावला आणि उतरून गेली.

मी तुला कोपऱ्यात घेतलं. "आत्तीला कळलं तर?"

"कसं कळंल? तू सांगनार हाईस?"

"आक्का, वचन दिलंस तू."

"दिलं की. माझ्या पोटात पोर असताना मला कोन म्हनालं हुतं काय, वर ये म्हनून?"

एक आली की दहा येणार हे तुला कळायला हवं होतं. तुला कळलंच होतं म्हणा. पुढच्या जत्रेत दोघी, मग पाच, मग गणतीच सुटली. लुगडी बघायला म्हणून चढायच्या, हाताला लागेल ती घडी उलगडायच्या, आणि मागं जाऊन यायच्या. म्हाताऱ्या, लेकुरवाळ्या, नव्या नवऱ्या. जात कुणी विचारली नाही. विचारत बसायला वेळही नसायचा, त्यांची अवस्था बघून. जाताना एखादी लुगडं घ्यायची, बहुतेक जणी नुसत्याच जायच्या. घड्या मात्र सगळ्यांच्या हातांनी मऊ पडायच्या. मग तू दुपारी पातेल्यात खळ शिजवायचीस, आणि आपण ती लुगडी खळ लावून, झटकून, पुन्हा नवी करायचो.

आणि त्या खळीनंच घात केला. विणकराच्या घरातली बाई पाणी वाया घालवील, पण खळ वाया घालवणार नाही. एवढ्या बायका, दर बाईला दोन तांबे, आणि नळ कुठं तर गावाच्या दुसऱ्या टोकाला. हंडे दुपारपर्यंत रिकामे व्हायचे. तू म्हणालीस, "खळीचं पानी उरतंय ते काय वाईट हाय? पातळच हाय. वत तेच." मलाही पटलं. आपल्याला सूत कळतं, ताणा कळतो, बंद टाकीत उन्हात शिजणारी खळ काय करते ते कुठलं कळायला? ती आत आंबत गेली, फुगत गेली, आणि कॉकपाशी डिंकासारखी बसली.

देवीच्या जत्रेचा तो दिवस मला आठवायचाही नाही, आणि आठवल्याशिवाय राहवतही नाही. मानाचं लुगडं होतं म्हणून त्या वर्षी आत्ती बरोबर आली होती. सकाळी दाजींनी कॉक उघडला तर थेंब आला नाही. त्यांनी पान्यानं टकटक केलं, कपाळाला आठी घातली, आणि "आज जरा कमी वापरा" म्हणून ते सोडा आणायला गावात गेले. आत्ती देवळात गेली. आणि आत्ती गेली हे बघून बायका चढल्या. मी तुला खूण केली, आज नको. तू म्हणालीस, "जत्रा आजच हाय. त्यास्नी काय उद्या ये म्हनू?"

हलगीचा आवाज आला तेव्हा आत एक पोरगी होती. लग्न होऊन महिना झाला नसेल, हिरवा चुडा हातात. पंच बसच्या दाराशी आले, पुढं आत्ती, मागून दाजी सोड्याची पुडी घेऊन. तू हात धुऊन देवीचं लुगडं वरच्या फळीवरून काढलंस, दोन्ही हातांवर घेतलंस. आणि त्याच वेळी मागून आवाज आला, उकळी आल्यासारखा. पडद्याखालून पाणी आलं. पाणी कसलं ते, पांढरट, फेसाळ, आणि वास तर असा की हलगीवाल्यानं हलगी थांबवली. खालच्या फळीवरची लुगडी भिजली. पंचांनी धोतराचे सोगे नाकाला लावले.

आत्ती पायरीवरच थिजली. "ह्ये काय? दोघी बायकांची टाकी, ती भरून वर कशी आली?"

पडद्याआडून बांगड्या वाजल्या. जरासंच, पण मी ऐकलं, तूही ऐकलंस. आत्तीनं पडद्याकडे पाऊल टाकलं. गावातले पाच पुरुष दारात, आणि आत ती पोर, त्यांतल्याच कुणाची तरी नात्यातली, त्या घाणीत पाय वर घेऊन उभी. पडदा सरला असता तर तिला त्या गावात तोंड दाखवायला जागा उरली नसती. आणि आपली बसही गेली असती.

तू पडद्याला पाठ लावलीस. लुगडं तसंच हातांवर. म्हणालीस, "मला हगवण लागल्या. लई दिस झालं. सारखं जावं लागतंय, लाजेपायी सांगितलं न्हाय."

चारचौघांत. पंचांसमोर. हलगीवाल्यासमोर. स्वतःच्या नवऱ्यासमोर. मी तोंड उघडलं, आणि तू लुगड्याखालून बोटं काढून माझ्या दंडाला असा चिमटा काढलास की पुढं किती तरी दिवस तिथं काळंनिळं होतं.

मग आत्ती पुढं झाली, तुझ्या हातांवरचं लुगडं उचललं आणि माझ्या हातांवर ठेवलं. "तू दे," म्हणाली. "हिचा हात नगो." मी दिलं. पंचांनी नाक दाबूनच घेतलं. हलगी परत सुरू झाली, माणसं हलली, आणि त्या गलबल्यात तू त्या पोरीला मागच्या दारानं उतरवलंस. तिचं नाव मला कधी कळलं नाही.

त्या दिवसापासून तू नाजूक पोटाची झालीस. जत्रेत, गल्लीत, लग्नकार्यात. आपल्या घरात सगळ्यांत झणझणीत खाणारी तू, तुझ्या ताटात आत्ती पेज वाढायची. लग्नाच्या पंगतीत यजमानीण मोठ्यानं सांगायची, "ह्यांना तिखट वाढू नका हं, ह्यांचं तसलं हाय." पंगत खाली मान घालून हसायची. तू "व्हय, व्हय" करत मुकाट्यानं दहीभात खायचीस, आणि घरी आल्यावर मी पदराखालून ठेचा आणून द्यायची. तू तो बोटानं चाटून खायचीस आणि डोळ्यांतून पाणी काढून हसायचीस. मला नाही हसू यायचं.

आणि तू बायकांना गाडीत घेणं बंद केलंस का? छे! उलट जोरात. "आता कितीबी भरू दे टाकी," म्हणालीस, "नाव माझंच हाय." कोडगेपणा म्हणावा तर तो, आणि धीर म्हणावा तर तोच. पाणी तेवढं नीट दोन-दोन तांबे घालायला लागलीस. पुढं जत्रा ओसरल्या, घरोघर यंत्रमाग आले, हातमागाच्या लुगड्याला गिऱ्हाईक राहिलं नाही, आणि बस विकून आपण शहापुरात दुकान घातलं. तोवर सगळी वर्षं ती टाकी भरत राहिली, दाजी उपसत राहिले, आणि देवीचं लुगडं मी देत राहिले. दर वर्षी पंच माझ्यासमोर हात पसरायचे आणि तू मागं फळीपाशी घड्या करत उभी असायचीस, आपल्याला काही ऐकूच येत नाही अशी. माझी मान वर व्हायची नाही. लोकांना वाटायचं, भक्ती.

यावरच आपलं भांडण. मी म्हणायची, निदान घरात तरी सांगू. बस गेली, टाकी गेली, आता कशाची भीती? तू म्हणायचीस, त्या बायकांची. "त्यास्नी आपन आत घेतलं ते झाकलेलं ऱ्हाईल म्हनूनच त्या आल्या. आता उघडं पाडायचं? त्यांच्या घरातनी काय हुईल?" मी म्हणायची, मग दाजींना तरी सांग, तुझा नवरा आहे तो. तर तू लाल व्हायचीस. आक्का, पन्नाशीला आलेली बाई तू, आणि नवऱ्याचं नाव काढताच नव्या नवरीसारखी पदर ओढायचीस. "त्यांच्या हातानं समद्या गावाची घाण काढायला लावली मी. कुठल्या तोंडानं सांगू?" गेल्या दिवाळीत मी फारच लावून धरलं, तेव्हा तू माझ्या पोरांना पुढं ओढलंस आणि माझ्याकडून शपथ घेतलीस. त्यानंतर हा विषय निघाला नाही. मी चिडूनच होते. तू गेलीस त्या सकाळीसुद्धा मी तुझ्याशी जरा तोडूनच बोलले होते.

काल निपाणीकडच्या बायका आल्या. एस्टीनं, पाच-सहा जणी, सगळ्या विड्यांच्या कामाच्या. बातमी त्यांच्यापर्यंत कशी पोचली कुणास ठाऊक. बसल्या, रडल्या. आत्तीनं सवयीनं पदर तोंडाला लावला. "पोटाचा विकार हुता गं तिला…"

त्यांतली सगळ्यांत म्हातारी होती ती डोळे पुसता पुसता थांबली. "कुनी सांगितलं?" म्हणाली. "धोंडा पचवंल असं पोट हुतं तिचं. जत्रंत आमच्यासंगं बसून मिरचीची भजी खायची की."

"अगं, पर ती टाकी…" आत्ती म्हणाली.

"टाकी व्हय? ती आमच्यापायी भरायची. आमी समद्या जायाचो की गाडीत. तुमास्नी म्हाईत न्हाय?" तिनं आमच्या सगळ्यांकडे आळीपाळीनं बघितलं, खरोखरच नवल वाटून. "आमच्यात दादल्यांस्नी बी ठावं हाय. माझा मालकच म्हनायचा, लुगड्याची गाडी आल्या, जा जाऊन ये."

आक्का, ऐकतेस ना? त्यांच्या गावात ते केव्हाच झाकलेलं नव्हतं. पहिली एक-दोन वर्षं असेल, नंतर त्यांनी आपापल्या घरी सांगून टाकलं होतं, आणि कुणाच्याही घरावर आभाळ कोसळलं नव्हतं. तू जिवाच्या आकांतानं जे झाकत होतीस ते झाकलेलं राहिलं फक्त आपल्या घरात.

आत्तीचा पदर हातातच राहिला. तिनं माझ्याकडे बघितलं, "सुमे?" मी फरशीकडे बघत बसले. मग तिनं उंबऱ्यापाशी बसलेल्या दाजींकडे बघितलं. दाजी जमिनीवरची नजर न उचलता म्हणाले, "मला ठावं हुतं."

बायका चहा घेऊन एस्टी गाठायला गेल्या. आत्ती उठून देवघरापुढं जाऊन बसली आणि दिवसभर तिथून उठली नाही. मी मात्र दाजींच्या मागोमाग परसात गेले. जन्मात मी त्यांच्यापुढं आवाज चढवला नव्हता, काल चढवला. "ठावं हुतं? आन बघत बसलासा? तिच्या ताटात पेज पडत हुती, पंगतीत मानसं हसत हुती, आन तुमी बघत बसलासा?"

ते दगडावर बसले. "टाकी मीच उपसत हुतो की गं," म्हणाले. "एका बाईचं किती आन गावाचं किती, एवढं कळत न्हाय व्हय मला? खळ बी मीच खरवडून काढली."

"मग बोललासा का न्हाई?"

"तिनं पंचांसमोर तोंडानं सांगितलं. मी उठून तिला खोटी पाडू?" मग म्हणाले, "वाटलं, आज न्हाय तर उद्या मला तरी सांगंल. म्हनून वाट बघत ऱ्हायलो."

मी भांडायला गेले होते, माझं भांडणच संपलं. ज्या माणसानं आपली घाण ओंजळीनं काढली, तोंड वाकडं केलं नाही, नेमक्या त्याच माणसापुढं तुला लाज आड आली. त्यांना तुला खोटी पाडायची लाज वाटली. आणि मी तुमच्या दोघांच्या मध्ये, सगळं माहीत असून, शपथेला घाबरून गप्प. एका चुलीवरचं जेवत होतो आपण तिघं. तू बायकांना आत घेतलंस याचा मला अभिमान आहे, तो आता मी गल्लीत ओरडून सांगेन. पण या गप्प बसण्याची मला इतकी लाज वाटते आहे आक्का, की तुझ्या फोटोला हार घालायला हात वर होत नाही.

दाजी आज सकाळपासून मागच्या दारीच बसून आहेत. मी चहा नेऊन ठेवला. तो तसाच गार झाला, म्हणून बदलायला गेले, तर माझ्याकडे न बघता म्हणाले, "मला का सांगितलं न्हाय गं तिनं? मी काय रागावलो असतो व्हय?"

मी कप उचलला आणि आत आले. त्यांना काय सांगू, आक्का?